कालवा सोडा, पाट धरा: फ्रान्समधल्या बिनगाड्यांच्या ग्रॅव्हल वाटा

तुलूझकर | ११ मे, रात्री ११:४०

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज मुहूर्त लागला. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळचा साताऱ्याचा, गेली सहा वर्षं तुलूझला. इथे सायकल घेतली की प्रत्येक जण एकच पत्ता सांगतो: कानाल द्यु मिदी. घरामागेच आहे, सपाट आहे, सावली आहे, गाड्या नाहीत. मीही तेच केलं. पहिलं वर्षभर दर रविवारी शहरातून निघायचं, पन्नासेक किलोमीटर जायचं आणि परत यायचं. तेवढ्या टप्प्यात झकास डांबर आहे. पण खरं सांगू का, चौथ्या-पाचव्या रविवारनंतर आपण सायकल चालवतोय की ट्रेडमिलवर आहोत ते कळेनासं झालं. डावीकडे झाडं, उजवीकडे पाणी, समोर पळणारे लोक, त्यांची कुत्री आणि कानात बोंडं घालून मधोमध चालणारे.

मग एकदा ऑद जिल्ह्याच्या हद्दीपुढे गेलो. तिथे डांबर संपलं आणि मातीची पायवाट सुरू झाली. पुढे कुठे बारीक खडी, कुठे प्लेन झाडांची (आपल्या चिनारच्या जातीची) मुळं इतकी वर आलेली की कवळी असती तर पडली असती. त्या दिवशी पहिल्यांदा मजा आली, आणि त्याच दिवशी नोरूझला पोचलो.

नोरूझ म्हणजे या कालव्याचा माथा, समुद्रसपाटीपासून १८९ मीटर. इथून कालव्याचं पाणी एका बाजूला अटलांटिककडे जातं, दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्राकडे. आता माथ्यावर पाणी आणायचं कुठून, हाच तर सगळा घोळ होता. दोन समुद्र जोडायची कल्पना जुनीच होती, अडलं होतं ते इथे. पिएर-पॉल रिके नावाच्या माणसाने तो सोडवला. हा ना इंजिनियर ना सरदार, मिठावरचा कर गोळा करणारा मक्तेदार. त्याने माँटान्य न्वार, म्हणजे काळ्या डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी अडवलं आणि पाट काढून नोरूझपर्यंत आणलं. चौदाव्या लुईचा हुकूम निघाला ऑक्टोबर १६६६ मध्ये, म्हणजे आपले महाराज आग्र्याहून निसटले त्यानंतर दोनच महिन्यांनी. रिके गेला १६८० मध्ये. तेही साल आपल्या ओळखीचं. कालवा खुला झाला पुढच्या वर्षी, १६८१ ला. बिचाऱ्याने शेवटचा तुकडा पाहिलाच नाही.

तर मुद्द्यावर येतो. नोरूझला मी कालव्याकडे पाठ फिरवली आणि तो पाट उलटा धरला. फ्रेंचमध्ये त्याला 'रिगोल' म्हणतात. आपल्याकडे शेताला पाणी नेणारा जो पाट असतो तोच, फक्त जरा थोराड. नोरूझपासून रव्हेल गावाच्या अंगापर्यंत हा सपाटीवरचा पाट साधारण ३८ किलोमीटर आहे. कडेने मातीची, गवताची वाट, दोन्हीकडून झाडांची कमान. अधूनमधून एखादा छोटा रस्ता आडवा येतो, बस्स. त्या दिवशी मला दोन कोळी (मासे धरणारे, जाळं विणणारे नव्हे) आणि एक बगळा भेटला.

पाटाची गंमत अशी की पाणी आपोआप वाहायला हवं, पण पळायला नको. त्यामुळे तो डोंगराची समान उंची धरून वळणं घेत घेत जातो. कालव्यावर मालाच्या नावा, त्यांना ओढणारे घोडे, लॉक (नावा वर-खाली चढवायची दारं लावलेली पाण्याची पायरी), लॉकवाल्यांची घरं, म्हणून मागाहून रस्ते आणि डांबर. पाटावरून सुरुवातीचा थोडा काळ सोडला तर मालाच्या नावांची अशी ये-जा झालीच नाही. त्यामुळे तिथे कुणाला काही सुधारावंसं वाटलं नाही. आपलं भाग्य.

रव्हेलच्या वर सँ फेरेओलचं धरण आहे, बांधकाम १६६७ ते १६७२. त्याच्याही वर डोंगरातला पाट. रव्हेलहून ले कामाझपर्यंत जवळपास चारशे मीटर चढ आहे, तो मुकाट्याने चढायचा. वर वोबाँने काढलेला बोगदा लागतो (वोबाँ म्हणजे तोच, किल्ले बांधणारा), आणि तिथून आल्झोच्या उगमापर्यंत पुन्हा चोवीसेक किलोमीटर सपाट पाट, रामोंदाँसच्या जंगलातून. बीचची उंच झाडं, खाली पाचोळा, शेजारी खळखळणारं पाणी. जुलैत तुलूझला अंगाची लाही होत असते तेव्हा इथे विंडचीटर घालावं लागतं.

तुमच्यापैकी युरोपात कुणी अशा वाटा केल्या असतील तर लिहा. मला कालव्यांपेक्षा हे पाट गोळा करायचेत.

किल्लेदार | १२ मे, सकाळी ७:१५

आधी रुमाल टाकतो, सावकाश वाचतो.

(वाचून झाल्यावर) झकास! मी श्टुटगार्टला, म्हणजे फार लांब नाही. दोन अडाणी प्रश्न. एक, ग्रॅव्हल सायकल म्हणजे नेमकं काय? माझ्याकडे जुनी हायब्रिड आहे, चालेल का? दोन, सहावीत असताना मामाच्या गावाला नीरा कालव्याच्या भरावावरून सायकल हाणायचो, मुरुमाचा रस्ता. तेही ग्रॅव्हलच ना? म्हणजे मी तीस वर्षांपूर्वीच फॅशनमध्ये होतो.

तुलूझकर | १२ मे, सकाळी ९:०५

अगदी तेच! मुरूम हाच योग्य शब्द. इथल्या सरकारी पाट्यांवर ज्याला 'स्ताबिलिझे' म्हणतात तो म्हणजे दाबलेला मुरूम.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे रेसर सायकलसारखं वाकडं हँडल, पण जाड टायर, डिस्क ब्रेक आणि चढाला हलके गिअर. हायब्रिडही चालेल, फक्त टायर ३८-४० मिलिमीटर असू द्या आणि हवा कमी ठेवा. मी ट्यूबलेसमध्ये ३५ पीएसआयच्या आसपास ठेवतो. दगडासारखी टाइट हवा भरून मुळांवरून गेलात तर संध्याकाळी चमचा धरवणार नाही.

एक इशारा. सपाटीवरच्या पाटाला पावसानंतर जाऊ नका. लोरागेची (म्हणजे तुलूझ ते नोरूझच्या टापूची) माती चिकणी आहे, आपल्या काळ्या मातीची सख्खी बहीण. मी एकदा नोव्हेंबरात गेलो, दोनशे मीटरमध्ये चिखल फोर्कमध्ये असा घट्ट बसला की चाक फिरेना. सायकल खांद्यावर घेऊन तीन किलोमीटर चाललो. एका शेतातल्या आजींनी काही न विचारता पाण्याचा पाइप हातात दिला. सायकल धुऊन झाल्यावर तोच पाइप माझ्यावरही धरला.

ब्रेव्हेवाला | १२ मे, रात्री १०:३०

धागा काढल्याबद्दल आभार. मी पुण्याचा. २०२३ च्या ऑगस्टात पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस (पीबीपी) करायला गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रांबुयेहून निघायचं, ब्रेस्टला समुद्र बघायचा आणि परत यायचं, १२०० किलोमीटर, ९० तासांत. चार वर्षांतून एकदा असते आणि आता आपल्याकडून बरीच मंडळी जातात. ती सगळी डांबरावर. त्यात झोपेच्या अभावी मी एका टपालपेटीशी मराठीत बोललो होतो, तो किस्सा वेगळा.

मला आठवतंय ते असं. तँतेन्याकचा कंट्रोल (वाटेतला हजेरीचा थांबा) सोडताना गावात एक कालवा दिसला. पहाटेचं धुकं, काठाला नाव बांधलेली, आणि वाटेवरून एक बाई कुत्रा घेऊन इतक्या निवांत चालली होती की मला रडू आलं. तेव्हाच ठरवलं, हे संपलं की इथे परत यायचं. माझ्या तिकिटाला आठ दिवस शिल्लक होते. दोन दिवस झोपलो, मग आगगाडीने कार्हेला गेलो. शर्यतीत कार्हेचा कंट्रोल दोनदा लागतो, पण तिथून जवळच नाँत-ब्रेस्ट कालवा जातो हे कंट्रोलवर कुणाच्या डोक्यातही नसतं. तिथे माणूस फक्त गादी शोधत असतो.

हा कालवा ३६४ किलोमीटर. नेपोलियनच्या काळात इंग्रजांच्या आरमाराने बंदरं कोंडली, म्हणून आतून पाण्याची वाट हवी होती. पूर्ण झाला १८४२ ला. तोवर नेपोलियन जाऊन दोन दशकं उलटली होती आणि थोड्याच वर्षांत रेल्वे आली. काम सरकारी असलं की कुठेही तसंच.

कार्हेहून पूर्वेला निघालं की ग्लोमेलला 'ग्रांद त्रांशे' लागते. टेकडी कापून काढलेली तीन किलोमीटरची खोल खाच, आता दोन्ही अंगाला दाट झाडी. १८२३ ते १८३२ या काळात ब्रेस्टच्या तुरुंगातल्या कैद्यांकडून ती हाताने खोदून घेतली. भर दुपारी तिथे अंधारल्यासारखं होतं. मी तिथे डबा खाणार होतो, नाही खाल्ला. पुढे जाऊन खाल्ला.

पुढे बाँ-रपो नावाचा जुना मठ, अगदी पाण्याकाठी. तिथे कालवा अचानक संपतो! कारण पुढे गेरलेदाँचं धरण, १९३० सालचं. त्याच्या पाण्याखाली सतरा लॉक गेले. २०१५ मध्ये तपासणीसाठी तलाव रिकामा केला तेव्हा ते लॉक, घरांच्या भिंती, झाडांची खोडं सगळं वर आलं आणि बघायला माणसांचा पूर लोटला. आपल्याकडे पळसदेवचं देऊळ उजनीतून वर येतं ना, अगदी तसं. तलावाला वळसा घालायला जुन्या मीटरगेज रेल्वेचा मार्ग आहे, रूळ काढून सायकलवाट केलेली. दक्षिणेला केनेकाँचं जंगल. तिथे मात्र चढउतार आहेत, आणि १२०० किलोमीटर झालेल्या गुडघ्यांनी मला स्पष्ट शब्दांत नकार दिला.

आणि तुलूझकर, तुमच्या संग्रहासाठी एक पाट: रिगोल दिल्व्हेर्न. बोमेलेआकच्या तलावापासून कालव्याच्या माथ्याला पाणी आणण्यासाठी काढलेला. सरळ रेषेत अंतर वीसेक किलोमीटर, पाटाची लांबी त्रेसष्टच्या आसपास! एवढी वळणं. आपण एका शेतातल्या घोड्याला तीन वेगवेगळ्या बाजूंनी बघतो. लुदेआकला मुक्काम करून मी याचा अर्धा भाग केला आणि शप्पथ सांगतो, अख्ख्या पीबीपीपेक्षा तेच जास्त आठवतं.

तुलूझकर | १२ मे, रात्री ११:१०

वाखूसा (वाचनखूण साठवली)! वीसचे त्रेसष्ट, हे तर माझ्या आत्याच्या गोष्टी सांगण्यासारखं झालं. यादीत टाकला.

बुर्गुंडीण | १३ मे, दुपारी १:२०

मी दिजाँला असते, नवरा इथलाच. पाटांची यादी चालली आहे तर माझाही एक घ्या, आणि मला वाटतं हा सगळ्यांत देखणा आहे.

आमच्याकडे नीव्हरने कालवा आहे, ओक्सेरपासून लुआर नदीकाठच्या दसीझच्या अलीकडेपर्यंत, १७४ किलोमीटर. हा मुळात सरपणासाठी खणला. पॅरिसच्या चुली आणि शेकोट्या शेकडो वर्षं मोर्व्हाँच्या जंगलातल्या लाकडावर पेटत होत्या. लाकूड तोडायचं, ओंडक्यांवर मालकाची खूण ठोकायची, ओढ्यात सोडायचं. क्लामसीला ते गोळा करून त्यांचे लांबलचक तराफे बांधायचे आणि त्यावर उभं राहून माणसं थेट पॅरिसला जायची. परत येताना चालत. क्लामसीच्या पुलावर त्या तराफेवाल्याचा पुतळा आहे, हातात लांब आकडी घेतलेला. कालवा झाला, मग रेल्वे, मग कोळसा, आणि सगळं शांत झालं. आता भाड्याच्या नावांवर बसलेली मंडळी वाइन पीत जातात आणि आपल्याला हात करतात.

ओक्सेर ते क्लामसी सोपं आहे, घरच्यांना घेऊन जाण्यासारखं. मला आवडतो तो पुढचा भाग, सार्दीचा. तिथे जंगलातल्या साडेतीन किलोमीटरच्या उतारावर ओळीने सोळा लॉक आहेत, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. प्रत्येक लॉकला एक घर, एखाद्यात कुणी मातीची भांडी करतं, एखाद्यात कॉफी मिळते, एखाद्याच्या खिडकीत फक्त मांजर. वरच्या टोकाला कोलांसेलचे तीन बोगदे. नावा बोगद्यातून जातात, सायकलवाल्यांनी वरून रानातल्या वाटेने जायचं. शेवाळ, नेचे आणि खाली खोल दरीत हिरवं पाणी. आमच्या कोकणातल्या परसाची आठवण येते मला तिथे. हवा मात्र दापोलीची नाही, हे जानेवारीत लक्षात येतं.

आणि पाट: रिगोल द्योन. पान्सिएरच्या धरणाखालून निघून कालव्याच्या माथ्यावर, बे गावाच्या तळ्याकडे येतो. सुमारे पंचवीस किलोमीटर, डोंगराच्या पोटातून, जवळजवळ सगळा झाडीत. मोंत्रेयोंला तो दरीवरून दगडी कमानींच्या पुलावरून जातो, तेहेतीस मीटर उंचीवर. खाली योन नदी. तेवढा एक पूल सोडला तर कॅमेरा काढावा असं काही नाही आणि म्हणूनच तो मला आवडतो.

सरळमार्गी | १३ मे, सायंकाळी ६:४५

सगळ्यांच्या उत्साहावर पाणी ओतायला आलो आहे (पाटाचंच).

कालव्यावर सायकल चालवणं हा मला व्यायाम वाटत नाही आणि प्रवासही. दहा किलोमीटरनंतर झोप येते. उतार नाही म्हणजे पाय थांबतच नाहीत, सतत पेडल मारा. संध्याकाळी बूड बधिर. समोरून वारा असेल तर तो दिवसभर समोरूनच. ग्रॅव्हल करायचं तर मासिफ सांत्रालला (मध्य फ्रान्सच्या डोंगराळ भागात) जा, मोर्व्हाँपासून भूमध्यापर्यंत चौदाशे किलोमीटरची वाट आखलेली आहे, तिथे दम निघतो.

आणि दुसरं. तुम्ही लोक डांबराच्या नावाने बोटं मोडता. उद्या पाऊस पडला की 'चिखल आहे हो' म्हणून तुम्हीच रडता.

बुर्गुंडीण | १३ मे, सायंकाळी ७:३०

पहिला मुद्दा मान्य, बुडाचा. त्यावर उपाय म्हणजे दर लॉकला उतरायचं आणि आत नाव असेल तर ती वर चढेपर्यंत बघत बसायचं. घाई असलेल्याने कालव्यावर येऊच नये.

डांबराबद्दल मात्र मला सरळमार्गींची बाजू घ्यायची आहे. गेल्या वर्षी बाबा आले होते सांगलीहून, वय बहात्तर, एक गुडघा बदललेला. डांबराच्या टप्प्यावर ते रोज पंचवीस किलोमीटर करायचे, तिसऱ्या दिवशी लॉकवाल्या बाईंना मराठीतून हवापाणी विचारायला लागले. त्याच वाटेवर व्हीलचेअरवरून एक मुलगी रोज भेटायची. मुरूम असता तर ती घरी असती आणि बाबा माझ्या सोफ्यावर. आपल्याला थरार हवा म्हणून सगळ्यांच्या वाटा खडबडीत ठेवा, हे मला पटत नाही.

तुलूझकर | १३ मे, रात्री ९:५०

बोललात ते लागलं. शहरालगतच्या टप्प्यांना डांबर असावं, मान्य. माझं म्हणणं इतकंच की पाटांना हात लावू नका. तिथे बहात्तर वर्षांच्या बाबांना नेणारच नाही कुणी.

तरी डांबराचा माझा राग वेगळ्याच ठिकाणचा असावा. मिदीच्या कडेची प्लेन झाडं. एकूण ४२ हजारांच्या आसपास होती. २००६ मध्ये त्यांच्यात एका बुरशीचा रोग सापडला, ज्यावर इलाज नाही. एका झाडाला लागला की मुळांमधून, पाण्यातून शेजारच्यांना. तेव्हापासून पाडून जागच्या जागी जाळतात. हजारो गेली. नवी लावतात, निरनिराळ्या जातींची, पण ती आता माझ्या खांद्याएवढी. मार्सेयेतच्या आसपास जिथे मी पहिल्या वर्षी सावलीत पडून होतो तिथे परवा टोपी काढवेना. म्हणून ज्या पाटावर अजून झाडं शाबूत आहेत तिथे कुणी रोलर आणतोय असं नुसतं वाटलं तरी पोटात गोळा येतो. तर्काला धरून नाही, माहीत आहे.

सरळमार्गी | १३ मे, रात्री १०:१५

हे आधी सांगायचं ना राव. मग भांडलो नसतो.

चौकोनी_कुटुंब | १५ मे, सकाळी ११:००

ठाण्याहून लिहितेय. पुढच्या मे महिन्यात दोन मुलांना (९ आणि १३) घेऊन दहा दिवस फ्रान्स, त्यातले पाच सायकलवर असा विचार आहे. नवरा म्हणतो मिदीच करायचा, कारण ऑफिसात सांगायला बरं. आम्ही शाकाहारी. तंबू नको. कुठे जावं?

ब्रेव्हेवाला | १५ मे, दुपारी १२:२०

मी वर लिहिलेल्या नाँत-ब्रेस्ट कालव्याचाच, ब्रिटनीतला पूर्वेकडचा भाग बघा: पोंतिव्हीहून रोआँ, जोसलँ, मालेत्र्वा, रदों. रोज ३०-४० किलोमीटर पुरे. वाट जुन्या नावा ओढायच्या घोड्यांची, रुंद, दाबलेल्या मुरुमाची, मोटारींना बंदी. पोंतिव्ही ते रोआँ पन्नासाहून जास्त लॉक आहेत, मुलं मोजत बसतील आणि भांडणार नाहीत. जोसलँला पाण्यातून वर उठल्यासारखा किल्ला आहे. रदोंला रेल्वे स्टेशन.

मे महिना उत्तम, फक्त १ आणि ८ तारखेला सुट्ट्या असतात आणि त्याला जोडून अख्खा देश बाहेर पडतो, तेव्हा खोल्या आधी ठरवा. मिदीला मुळं आणि काही ठिकाणी वितीएवढी अरुंद वाट, शेजारी कठडा नसलेलं पाणी. नऊ वर्षांच्या मुलाला मी नेणार नाही.

खाण्याचं: दुपारी बारा ते दोन गाव झोपतं, सोमवारी बऱ्याच ठिकाणी बेकरी बंद, रविवारी दुपारनंतर काहीच नाही. ब्रिटनीत बकव्हीटच्या पिठाचे घावन मिळतात, गालेत म्हणतात त्यांना. मागताना हॅम नको हे दोनदा सांगा, कारण पहिल्यांदा सांगितलेलं त्यांना खरं वाटत नाही. मेतकूट आणि दशम्या न्याच. पाणी संपलं तर गावातलं कब्रस्तान शोधा. थट्टा नाही, तिथे बहुतेक वेळा नळ असतो. 'नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर मात्र पिऊ नका.

चौकोनी_कुटुंब | १५ मे, दुपारी १२:४५

कब्रस्तानातलं पाणी! सासूबाईंना हे सांगणार नाही. बाकी ठरलं, ब्रिटनी.

रानभैरी | १५ मे, रात्री ९:३०

मी बोर्दोजवळ राहतो आणि माझा प्रांत जंगलाचा आहे, म्हणून थोडी कडू औषधं.

लाँदचं पाइनचं जंगल नकाशावर बघून कुणालाही वाटेल, वा, हजारो किलोमीटर सरळ कच्चे रस्ते, एक गाडी नाही. खरंय. पण हे रस्ते मुळात आगीचे बंब जाण्यासाठी आहेत आणि कित्येक ठिकाणी नुसती वाळू. चाळीसचा टायर रुततो. जंगलही नैसर्गिक नाही, १८५७ च्या कायद्यानंतर दलदलीवर लावलेलं. २०२२ च्या उन्हाळ्यात लांदिरा आणि ला तेस्तला जे पेटलं ते मी खिडकीतून पाहिलंय, आठवडाभर आकाश पिवळं होतं. तेव्हापासून उन्हाळ्यात धोक्याची पातळी वाढली की जंगलात जायला बंदी येते. निघण्याआधी त्या दिवसाचा हुकूम बघायचा, 'मला फ्रेंच येत नाही' चालत नाही.

दुसरं, शिकार. साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर, रानडुकरांची कुठे कुठे त्यानंतरही. वाटेच्या तोंडाशी 'शास आं कूर' अशी पाटी दिसली की शिकार सुरू आहे असं समजून गुपचूप मागे फिरायचं. भगवं किंवा पिवळं चकाकतं जाकीट घाला. रानडुकराच्या रंगाचं महागडं जर्सी घालून येणारे महाभाग मी पाहिलेत.

तिसरं, गोचिड्या. गवतातून गेलात तर संध्याकाळी गुडघ्यामागे, मांड्यांना नीट तपासा. काढायची छोटी आकडी कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. लाइमचा आजार गंमत नाही.

आता एक गोड. ओर्लेआँचं सरकारी जंगल, ३५ हजार हेक्टर, आणि त्यातून जाणारा ओर्लेआँचा कालवा. मालवाहतुकीला १९५४ पासून बंद. ओक, पाइन, तळी, आणि नशीब असेल तर मासेमार गरुड, ऑस्प्रे. कालव्याने जायचं, मध्येच जंगलाच्या कच्च्या रस्त्यांत शिरायचं, पुन्हा कालव्यावर यायचं. सरळमार्गी, तुम्हाला झोप येणार नाही.

सरळमार्गी | १५ मे, रात्री १०:०५

बघतो. गरुड नाही दिसला तर पैसे परत?

किल्लेदार | २९ सप्टेंबर, रात्री ८:५०

धागा वर काढतो. जाऊन आलो मंडळी!

सायकलसाठी जलदगाडीत जागा आधी राखावी लागते, ती एका बाजूची मिळाली, दुसऱ्या बाजूला चाकं काढून पिशवीत कोंबली. पहिला दिवस रव्हेल. शनिवार होता, चौदाव्या शतकातल्या लाकडी छताखाली अख्खा बाजार भरलेला. अंजिरं घेतली ती वर चढ चढताना संपली. चढाबद्दल तुलूझकरांनी 'मुकाट्याने' हा शब्द वापरला होता, मी मुकाट राहिलो नाही.

वरचा पाट दुसऱ्या दिवशी सकाळी धरला. सात किलोमीटर झाले असतील, धुकं, पाण्याचा आवाज, स्वर्गच, आणि समोर झाडाला टेकवलेली तीच पाटी. रानभैरींचं वाचलेलं असल्याने अर्थ कळला. तेवढ्यात लांबून दोन बारही ऐकू आले. मागे फिरलो. त्यामुळे आल्झोचा उगम राहिला.

मग सँ फेरेओलहून खालच्या पाटाने नोरूझपर्यंत पूर्ण केलं. साडेतीन तास लागले, त्यात एक तास एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला त्यांच्या गळाला लागलेल्या, न लागलेल्या आणि लागू शकल्या असत्या अशा सगळ्या माशांची माहिती दिली. माझं फ्रेंच 'बोंजूर'पर्यंतच आहे. त्यांना फरक पडला नाही.

नोरूझला ठरवलं होतं की पाण्यात एक पान टाकायचं आणि ते कुठल्या समुद्राकडे जातं ते बघायचं. टाकलं. वीस मिनिटं बसलो. जागचं हललं नाही. मग एका बदकाने खाल्लं.

तुलूझकर | २९ सप्टेंबर, रात्री ९:२०

हाहाहा! उगमाला एप्रिलमध्ये या, शिकारीचा मुख्य हंगाम संपलेला असतो. मी येतो सोबत. टायर कुठले होते शेवटी?

किल्लेदार | २९ सप्टेंबर, रात्री ९:३२

हायब्रिडच, ३८ चे. शेवटच्या आठ किलोमीटरला पाऊस आला आणि तुमच्या त्या काळ्या मातीच्या बहिणीशी ओळख झाली. पाइपवाल्या आजींचं शेत कुठल्या पुलाजवळ आहे ते सांगून ठेवा.